बसलेल्या फुप्फुसाची दुर्बीण-शस्त्रक्रिया : यश मोजायचे केव्हा?

छातीत दोन-तीन लहान छिद्रे, आत दुर्बीण, समोरच्या पडद्यावर फुप्फुसाचे चित्र आणि चार दिवसांनी रुग्ण चालत घरी. बसलेल्या फुप्फुसावरील शस्त्रक्रियेची बातमी अलीकडे साधारण अशीच असते. छिद्राचा आकार, रुग्णालयातील मुक्काम आणि डॉक्टरांचे समाधान या तीन गोष्टी तीत हमखास सापडतात. ते समाधान बहुतेक वेळा रास्तही असते. मात्र ज्या कारणासाठी ही शस्त्रक्रिया करतात, त्याचा हिशेब बातमीत क्वचितच असतो. फुप्फुस पुन्हा बसू नये, हा तिचा मुख्य हेतू. ते पुन्हा बसले की नाही, हे चौथ्या दिवशी कळत नाही. वर्ष-दोन वर्षांनी कळते. त्या वेळी रुग्णाची विचारपूस करणारे कोणी असते का, हा या विषयातला कळीचा प्रश्न आहे.

चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैसारख्या औद्योगिक वसाहतीत तो विशेष टोकदार होतो. पण त्याआधी आजार समजून घेतला पाहिजे.

फुप्फुसाभोवती दोन पदरांचे पातळ आवरण असते. या पदरांमधील दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी असतो आणि त्या ओढीमुळे फुप्फुस छातीच्या भिंतीला लागून फुगलेले राहते. दोन पदरांमध्ये हवा शिरली की ओढ संपते आणि फुप्फुस स्वतःच्या लवचिकपणाने आक्रसते. यालाच न्यूमोथोरॅक्स किंवा मराठी परिभाषेत वातवक्ष म्हणतात. हवा शिरण्याचे मार्ग मुख्यतः तीन. अपघातात मोडलेली बरगडी फुप्फुसात घुसते. क्षय किंवा धूम्रपानाने पोखरलेले फुप्फुस फाटते. किंवा वरवर धडधाकट तरुणाच्या फुप्फुसाच्या शेंड्यावरचा एखादा बारीक फुगा काही निमित्त नसताना फुटतो. हा तिसरा प्रकार उंच, सडपातळ तरुण पुरुषांत अधिक दिसतो आणि पुष्कळदा स्वस्थ बसलेले असतानाच होतो. एकाएकी छातीत कळ येते, दम लागतो. आत शिरलेली हवा बाहेर पडेनाशी होऊन दाब वाढत गेला, तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. धूम्रपानाचा वाटा यात मोठा आहे. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या स्टॉकहोममधील अभ्यासात धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना हा धोका इतरांच्या सुमारे २२ पट आढळला होता.

या आजाराचा इतिहास उलटसुलट वळणांचा आहे. फ्रेंच वैद्य लेनेक यांनी १८१९ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. पुढे शंभरहून अधिक वर्षे, फुप्फुस आपोआप बसले म्हणजे क्षयच असणार, असा सर्वसाधारण समज होता. निरोगी माणसालाही हा आजार होतो, हे डॅनिश वैद्य केर्गार यांच्या १९३२ सालच्या प्रबंधाने ठसवले. दरम्यान, इटलीतील फोर्लानिनी यांनी १८८२ साली मांडलेल्या कल्पनेनुसार जगभरचे डॉक्टर क्षयरोग्यांच्या छातीत मुद्दाम हवा भरून फुप्फुस बसवत होते. रोगट भागाला विश्रांती मिळावी, हा त्यामागचा विचार. त्यात अडथळा आणणारे चिकटलेले धागे कापण्यासाठी स्वीडनचे याकोबेउस यांनी छातीत दुर्बीण घालण्याचे तंत्र रूढ केले. १९१० साली त्यांनी त्याचा पहिला अहवाल दिला. म्हणजे जे साधन आज बसलेले फुप्फुस उभे करण्यासाठी वापरतात, त्याची वाढ झाली ती फुप्फुस नीट बसावे म्हणून.

आजची शस्त्रक्रिया त्या साधनाचीच सुधारलेली आवृत्ती. रुग्णाला पूर्ण भूल देऊन एकाच फुप्फुसाला श्वास पुरवत ठेवतात, म्हणजे दुसऱ्या बाजूला काम करायला जागा मिळते. गळणारा फुगा असलेला शेंडा स्टेपलरने छाटून तिथेच बंद करतात. नंतर छातीच्या भिंतीकडचे आवरण खरवडतात, त्याचा पापुद्रा सोलून काढतात किंवा आत वैद्यकीय टाल्क फवारतात. हेतू असा की तिथे सूज येऊन दोन्ही पदर एकमेकांना कायमचे चिकटावेत. फुगा काढणे हा आजच्या गळतीवरचा उपाय. पदर चिकटवणे ही उद्याची तरतूद.

ही तरतूद किती पक्की असते? उपलब्ध पुरावा स्पष्ट आहे आणि दुर्बिणीच्या बाजूने तो एकतर्फी नाही. पहिल्यांदा आपोआप फुप्फुस बसलेल्या आणि शस्त्रक्रिया न झालेल्या शंभर रुग्णांपैकी सुमारे ३२ जणांचे फुप्फुस पुन्हा बसते आणि ते बहुतांशी पहिल्या वर्षात, असे २०१८ सालच्या एका व्यापक आढाव्यात दिसले. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया केल्यावर हे प्रमाण शंभरात साधारण ५ वर येते. छाती उघडून केलेल्या जुन्या पद्धतीच्या शस्त्रक्रियेत ते साधारण १ असते. ‘लॅन्सेट’मध्ये २००७ साली आलेल्या आढाव्यात २९ अभ्यास एकत्र तपासले होते. त्याचाही निष्कर्ष हाच होता, की दुर्बिणीच्या मार्गाने गेल्यास फेरआजार सुमारे चौपट होतो. मोठ्या जखमेत आवरणाला सूज अधिक येते आणि ते अधिक घट्ट चिकटते, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

‘चौपट’ हा शब्द भयंकर वाटतो. ‘शंभरात एकाऐवजी पाच’ म्हटले की तोच आकडा समजण्यासारखा होतो. छाती उघडायची तर बरगड्या फाकवाव्या लागतात, त्यांच्यामधील मज्जातंतू दुखावतात, आणि काहींच्या बाबतीत वेदना महिनोनमहिने रेंगाळते. शंभरातील चार जणांचा फेरआजार टळावा म्हणून सर्वच्या सर्व शंभरांनी ही किंमत मोजायची का? बहुतेक शल्यविशारद ‘नाही’ म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे पटण्यासारखे आहे. हातावर पोट असलेल्या माणसाला लवकर कामावर परतता येणे ही क्षुल्लक सोय नव्हे. घरातली चूल त्यावर अवलंबून असते. तेव्हा दुर्बिणीची शस्त्रक्रिया चांगली की वाईट, हा वादच नाही. ती चांगली आहे. वाद आहे तो रुग्णापुढे हे दोन आकडे न ठेवता केवळ छिद्राचा आकार दाखवण्याविषयी.

यापुढची अडचण अशी की हे आकडे प्रामुख्याने ज्यांच्यावरून काढले, ते रुग्ण वेगळे आहेत. पाश्चात्त्य देशांतील अभ्यासांत धडधाकट फुप्फुसाचे तरुण मोठ्या संख्येने असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२३ साली जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे २६ टक्के भारतात होते. इथे फुप्फुस बसलेला रुग्ण समोर आला की मागे क्षय आहे का, जुन्या क्षयाचे व्रण आहेत का, खाणकामाने किंवा दगडफोडीने जडलेला सिलिकोसिस आहे का, हे आधी पाहावे लागते. अशा फुप्फुसाचा एक फुगा कापून काम भागत नाही. ते जागोजागी चिकटलेले आणि ताठर असते; कधी आत पू साठलेला असतो; स्टेपलर चालवावा असा निरोगी काठ मिळत नाही. हवेची गळती आठवडेच्या आठवडे चालू राहते. दुर्बिणीने सुरू केलेली शस्त्रक्रिया छाती उघडून पुरी करावी लागणे, हा अशा वेळी पराभव नसतो. तो विवेक असतो. तेव्हा निरोगी तरुणांमधील ९५ टक्क्यांचे यश क्षयाने जर्जर झालेल्या रुग्णाला सांगणे म्हणजे त्याला दुसऱ्याच माणसाचे भविष्य सांगणे होय. भारतीय रुग्णांना भारतीय आकडे हवेत, आणि तेही आजाराच्या प्रकारानुसार वेगळे काढलेले.

ते मिळवायचे तर रुग्ण शस्त्रक्रियेनंतरही नजरेसमोर राहिला पाहिजे. तो दिसेनासा झाला की निष्कर्षाचे काय होते, याचा धडा २०२० साली मिळाला. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील ३१६ रुग्णांवर झालेली एक चाचणी त्या वर्षी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्यांदाच आपोआप फुप्फुस बसलेल्या, प्रकृती स्थिर असलेल्या तरुणांना छातीत नळी घालायची की नुसते लक्ष ठेवून थांबायचे, असा तिचा प्रश्न होता. आठ आठवड्यांत फुप्फुस पूर्ववत होण्याचे प्रमाण नळीच्या गटात ९८.५ टक्के, तर थांबलेल्या गटात ९४.४ टक्के निघाले. वर्षभरातील फेरआजार थांबलेल्यांत ८.८ टक्के, तर नळी घातलेल्यांत १६.८ टक्के होता. बऱ्याच रुग्णांना काहीच न करता बरे वाटू शकते, असा दिलासा देणारा हा निष्कर्ष होता.

परंतु त्याच अहवालात आणखी एक हिशेब दिला आहे. काही रुग्णांचा आठ आठवड्यांच्या आतला एक्स-रे उपलब्ध नव्हता. ते सगळे बरे झालेच नाहीत असे धरले, तर प्रमाण ९३.५ आणि ८२.५ टक्क्यांवर येते, आणि संशोधकांनी आधीच आखलेली मर्यादा ओलांडली जाते. ज्यांची नोंद राहिली अशा मूठभर रुग्णांमुळे निष्कर्षाचा पाया डळमळतो, आणि संशोधकांनी ते प्रामाणिकपणे मांडले. सगळी साधने हाताशी असलेल्या देशांतील, काटेकोर आखलेल्या चाचणीची ही गत.

आता इरुंगाट्टुकोट्टैकडे यावे. चेन्नईहून बंगळूरुकडे निघालेला महामार्ग श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे या गावावरून जातो. तमिळनाडू सरकारच्या सिपकॉट संस्थेची औद्योगिक वसाहत इथे आहे. ह्युंदाईच्या कारखान्यातून १९९८ साली पहिल्या मोटारी बाहेर पडू लागल्या आणि पाठोपाठ सुटे भाग बनवणाऱ्यांची रांग उभी राहिली. मोटार-शर्यतींचा ट्रॅकही इथलाच. महाराष्ट्रातील वाचकाला हे दृश्य परके वाटू नये. महामार्ग क्रमांक ४८ हाच. मुंबई, पुणे, सातारा, कोल्हापूर करत तो बंगळूरुमार्गे इथवर येतो. त्याच्या वाटेवरच्या शिरवळ-कागलपासून आडवाटेच्या चाकण-रांजणगावपर्यंत, सगळीकडे कामगार-वस्तीचे रूप सारखेच आहे. दहा बाय दहाची खोली, चार-पाच जणांचे बिऱ्हाड, पाळीचे काम, ठेकेदाराकडचा करार, आणि करार संपला की दुसरे गाव.

न्यूमोथोरॅक्स ज्या वयात गाठतो, त्याच वयाची ही माणसे आहेत. अशा एखाद्या कंत्राटी कामगाराची कल्पना करून पाहावी. ओडिशाहून किंवा बिहारहून आलेला, वय पंचविशीच्या आत. एका पाळीत त्याच्या छातीत कळ येते. महामार्गालगतच्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होते. तो चार दिवसांनी घरी जातो आणि रुग्णालयाच्या वहीत ‘यशस्वी’ अशी नोंद होते. आठ महिन्यांनी तो कागलच्या फाउंड्रीत असतो किंवा गावी शेतात. तिथे फुप्फुस पुन्हा बसले, तर तो जवळच्या दवाखान्यात जाईल. तिथल्या डॉक्टरांना पहिल्या शस्त्रक्रियेत नेमके काय केले, पदर चिकटवले होते की नुसता फुगा काढला होता, हे कळण्याचा मार्ग नसेल. आणि पहिल्या रुग्णालयाच्या हिशेबात तो कायमचा बरा झालेलाच राहील. इथे कोणी खोटे बोललेले नाही, कोणी हयगय केलेली नाही. तरीही आकडा चुकला आहे, आणि तो नेहमी एकाच दिशेने चुकेल : यश आहे त्याहून मोठे दिसेल.

याच वसाहतीत तयार होणाऱ्या मोटारीची स्थिती पाहिली की विसंगती उघडी पडते. प्रत्येक मोटारीवर क्रमांक कोरलेला असतो. ती देशात कुठेही विकली गेली, तरी सदोष भाग सापडल्यास तिचा माग काढता येतो. अशा मोटारी परत बोलावण्याची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातही आली. मोटारीचा ठावठिकाणा राहतो. ती जोडणाऱ्या माणसाच्या फुप्फुसावर घातलेल्या स्टेपलच्या ओळीचा राहत नाही.

भारतात एवढा पाठपुरावा शक्य नाही, असे यावर ठरलेले उत्तर येते. ते उत्तर चेन्नईचाच इतिहास खोटे पाडतो. ताम्बरमचे आरोग्यभुवन डॉ. चौरी मुत्तू यांनी १९२८ साली सुरू केले. क्षयरोग्याने घर सोडून अशा ठिकाणी राहावे, असा त्या काळी जगभर दंडक होता. १९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोग औषधोपचार केंद्र स्थापन झाले आणि शहरातील १९३ गरीब रुग्णांची दोन गटांत विभागणी झाली. अर्ध्यांना आरोग्यभुवनात ठेवले, अर्ध्यांवर त्यांच्या दाटीवाटीच्या घरांतच उपचार केले. १९५९ साली निष्कर्ष जाहीर झाला : घरचा उपचार कमी पडत नाही. जगभरातील क्षयोपचाराची दिशा त्याने बदलली. पण या कथेतला कमी सांगितला जाणारा भाग पुढे आहे. संशोधक एका वर्षावर थांबले नाहीत. त्याच रुग्णांचा पाच वर्षांचा अहवाल त्यांनी १९६६ साली प्रसिद्ध केला. खिशात फोन नव्हता, संगणक नव्हता. आरोग्यसेवक गल्लीबोळांतून घरोघरी जात होते. फेरआजार होतो की नाही हे कळल्याखेरीज उपचाराला यशस्वी म्हणता येत नाही, एवढी साधी समज त्यामागे होती.

आज तर साधनेही आहेत. क्षयरुग्णाची नोंद २०१२ पासून सक्तीची आहे. ‘निक्षय’ या राष्ट्रीय प्रणालीत त्याचा क्रमांक असतो, आणि तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला तरी उपचाराची साखळी जोडता येते. २०२१ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये नागरिकाला १४ अंकी आरोग्य क्रमांक मिळतो. फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेसाठी नवे तंत्रज्ञान शोधण्याची गरज नाही. शस्त्रक्रियेची नोंद या क्रमांकाशी जोडायची, आणि सहा महिन्यांनी, एक वर्षाने व दोन वर्षांनी रुग्णाला त्याच्या भाषेत फोन करायचा. प्रश्न चारच. फुप्फुस पुन्हा बसले का? छातीत दुखते किंवा बधिरपणा आहे का? पूर्वीचे काम करता येते का? विडी-सिगारेट सुटली का? शेवटचा प्रश्न उपदेशाचा नाही. धूम्रपान चालू राहिले तर दुसऱ्या बाजूच्या फुप्फुसाचा धोकाही कायम राहतो, म्हणून व्यसनमुक्तीचा सल्ला हा शस्त्रक्रियेच्या निष्पत्तीचाच भाग मानला पाहिजे.

खर्च कोणी करायचा, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तरही अवघड नाही. अशा शस्त्रक्रियांचे पैसे मोठ्या प्रमाणावर राज्य विमा महामंडळ, तमिळनाडूची मुख्यमंत्री आरोग्य विमा योजना किंवा महाराष्ट्रातील महात्मा फुले जनआरोग्य योजना यांसारख्या सार्वजनिक तिजोऱ्यांतून जातात. पैसे देणाऱ्याने वर्षभरानंतरची एक ओळ मागितली, तर ती मिळेल. आज शस्त्रक्रियेपूर्वीचे आणि नंतरचे एक्स-रे बिलासोबत मागता येतात. मग वर्षानंतरच्या फोनची नोंद का मागता येऊ नये?

नोंदी उघड झाल्या की त्यांचा दुरुपयोग होईल, अशीही भीती व्यक्त होते. एखादे रुग्णालय कठीण रुग्ण टाळेल, कारण त्यांच्यामुळे आकडे बिघडतात. ही भीती खरी आहे, आणि म्हणूनच निरोगी तरुण, क्षयरुग्ण आणि अपघातग्रस्त यांचे हिशेब वेगळे ठेवले पाहिजेत. क्षयाने फाटलेल्या फुप्फुसावर हात घालणाऱ्या शल्यविशारदाची तुलना सोपी प्रकरणे निवडणाऱ्याशी होऊ लागली, तर नुकसान रुग्णांचेच होईल. दुसरी भीती कामगाराच्या बाजूची. ‘याचे फुप्फुस बसले होते’ ही माहिती ठेकेदाराच्या हाती पडली तर काम जाईल. तेव्हा ही नोंद डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातच राहिली पाहिजे. मालकाला ती दिसता कामा नये.

हे सारे उभे राहीपर्यंत एक गोष्ट कोणत्याही रुग्णालयाला उद्यापासून करता येईल. घरी जाताना रुग्णाच्या हाती एक पान द्यावे. कोणत्या बाजूची शस्त्रक्रिया झाली, काय कापले, पदर चिकटवले का आणि कसे, क्षयाची तपासणी झाली का, विमानप्रवास केव्हा चालेल, आणि पुन्हा कळ आली तर वाट न पाहता कुठे जायचे. हे पान त्याला वाचता येईल अशा भाषेत असावे : तमिळ, ओडिया, हिंदी, मराठी, जी असेल ती. इरुंगाट्टुकोट्टैहून निघालेला कामगार कागलच्या दवाखान्यात ते पान पुढे करील, तेव्हा तिथल्या डॉक्टरांना नळी घालण्यापूर्वी निदान एवढे तरी ठाऊक असेल की त्या बाजूला आवरण चिकटलेले आहे आणि नळी आंधळेपणाने सरकवणे धोक्याचे आहे.